मशीनला दमा लावणारा माणूस

बारामतीच्या एसटी स्टँडवर बाकावर बसून तात्या माणसांना आकडे द्यायचे.

"त्यो बग, पिशवीवाला. चौऱ्याऐंशी."

"आन् ती बाई?"

"पोराला वढतीया ती? एकशेतीस. पोरगं नव्वदचं हाय. म्हणून बोंबलतंय."

आकडा म्हणजे मिनिटाला किती ठोके, त्याचा. प्रत्येक माणूस एका ठरावीक चालीचा असतो आणि जन्मभर त्याच चालीने चालतो, जेवतो, भांडतो, असं त्यांचं मत होतं. ते घड्याळ वापरत नसत. नुसतं बघून सांगत. एकदा मी मनगटी घड्याळ लावून एका कंडक्टरची पावलं मोजली. तात्यांनी एकशेवीस सांगितलं होतं, तेवढीच भरली. मी म्हटलं, "जमलं की तात्या." तर ते चिडले. "जमलं म्हंजी? मी काय मटका लावतोय व्हय?"

लोक त्यांना पोरीची पत्रिका दाखवावी तशी माणसं दाखवत. एका घरी ठरलेलं लग्न बघून ते म्हणाले होते, पोरगा शंभरचा आणि पोरगी सत्तरची, दोघं रस्त्यानं कधी एकत्र चालायची नाहीत. लग्न झालं आणि नवरा खरोखरच दहा पावलं पुढे चालू लागला. तात्यांचा मोठा बोलबाला झाला. आता सगळेच नवरे दहा पावलं पुढे चालतात, त्यात तात्यांचं विशेष काय, हे मला तेव्हाही वाटलं होतं आणि मी तसं बोललेही. ते म्हणाले, "गप. धंदा चाललाय त्यो चालू दे."

फक्त मला त्यांनी आकडा दिला नाही. मी दोनतीनदा विचारलं. "तुला न्हाय," एवढंच म्हणायचे.

भिगवण रस्त्याला मोटार रिवायंडिंगचं एक दुकान होतं. त्याच्या मागच्या खोलीत तात्यांचा स्टुडिओ होता. स्टुडिओ हा शब्द पाटीवर. आत गेलं की लोकरीचा वास यायचा. बाहेरच्या ट्रकांचा आवाज येऊ नये म्हणून त्यांनी चारी भिंतींना आणि छताला घोंगड्या ठोकल्या होत्या. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घेऊन माणसं कोकणाच्या वाटेला लागायची. पुढे मेंढरं विकली, कालव्याचं पाणी आलं, भावांनी ऊस लावला. "वाटणीत त्यांनी जमीन घेतली, मी घोंगड्या," असं तात्या सांगत. ते खरं की थट्टा, मला कधी कळलं नाही. त्यांच्या अंगावरच्या कपड्यांवरून खरं वाटायचं.

अंगाने वाळलेले, खिशाला पेनाच्या जागी टेस्टर, आणि तोंडात सतत टकटक. बोलत नसले की जिभेने टाळूवर ठोके द्यायचे. समोरचा माणूस बोलत असेल तर त्याच्या बोलण्याला ठोके द्यायचे. त्यामुळे बँकेत, तहसील कचेरीत त्यांचं कुठलंच काम पहिल्या फेरीत झालं नाही.

स्टुडिओत दोन मुख्य वस्तू. एक जुना परदेशी सिंथेसायझर. तात्या पूर्वी एका ऑर्केस्ट्रात वाजवायचे, तो मोडला तेव्हा हिशेबात हा त्यांच्या वाट्याला आला. त्याच्यावर बटणं आणि भोकं यांचं रान, आणि भोकाभोकांतून वायरी. त्याला ते म्हातारी म्हणत. म्हातारीला सुरू करून अर्धा तास गरम होऊ द्यावं लागे, नाहीतर सूर खाली उतरायचा. एप्रिलमध्ये आपोआपच गरम व्हायची आणि सूर वर चढायचा, मग खिडकीला ओलं पोतं. पण तिचा आवाज असा, की मोटार चालू केल्यावर पाइपातून पहिलं पाणी उसळत येतं ना, आधी नुसती हवा, मग गुरगुर, मग धो धो, तसा तो उघडत यायचा आणि मिटत जायचा. तो हेलकावा दुसऱ्या कशातून यायचा नाही.

दुसरा नवा डिजिटल कीबोर्ड, मुंबईहून आणलेला. त्याचं नाव जावईबापू. त्याच्यात ढोलकी, ताशा, डिस्को, सगळं भरलेलं. पाठीला पाच पिनांचं गोल सॉकेट, त्याला मिडी म्हणतात. त्यातून तो दर ठोक्याला चोवीस बारीक टिचक्या बाहेर पाठवायचा, म्हणजे जोडलेली दुसरी मशीनं त्याच्याबरोबर चालावीत. अडचण अशी, की म्हातारी त्या काळाच्या आधीची. तिला टिचक्या कळायच्या नाहीत. तिला विजेचा एक दणका दिला की ती एक पाऊल टाकणार, बाकी भाषा नाही. त्यामुळे ढोलकी एकीकडे चालायची आणि म्हातारीचा हेलकावा भलतीकडे.

"सासू आन् जावई," तात्या म्हणाले, "एकमेकांशी थेट बोलायचे न्हाईत. मधी माणूस लागतो."

तो माणूस म्हणजे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेलं एक सर्किट. त्याचं नाव मध्यस्थ. तो कीबोर्डकडून टिचक्या घ्यायचा, सहा मोजायचा आणि म्हातारीला एक दणका द्यायचा. पुन्हा सहा, पुन्हा दणका. डबा पत्र्याचा, कारण रिवायंडिंगवाल्याने पुढे मोटार चालवून बघितली की मागे घूं घूं यायची आणि पत्रा ती अडवायचा. चिप्स पुण्याहून बुधवार पेठेतून आल्या. सोल्डर निम्मं माझं.

मी तेव्हा एमआयडीसीत एका कारखान्यात स्टार्टरची पॅनेलं जोडायच्या कामाला होते. दिवसभर सोल्डर मारायचं, सायकलने घरी यायचं. आणि लग्नसराईत आळीतल्या हळदींना गायचं. त्यासाठी बोलावणं लागत नसे, बायका हाका मारत घेऊन जायच्या. अशाच एका हळदीत मांडवाच्या खांबाला टेकून तात्या उभे होते. लाउडस्पीकरवाल्याचा ॲम्प्लिफायर दुरुस्त करायला आले होते. गाणं संपल्यावर माझ्याकडे आले आणि नाव न विचारता म्हणाले, "काय काम करतीस?"

"सोल्डरिंग."

"खोटं बोलतीस."

मी बोटांवरचे डाग दाखवले. ते इतके खूश झाले, की गाण्याबद्दल काही बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून कारखाना सुटला की मी त्यांच्या डब्याला हात लावायला जाऊ लागले. गाण्याचं त्यांनी महिन्याभराने काढलं. पुण्याच्या एका कॅसेटवाल्या शेठना हळदीच्या गाण्यांची कॅसेट काढायची होती. गावाकडचा खरा आवाज हवा होता, आणि खाली डिस्को. म्हातारी आणि जावई एकत्र चालत असले तर काम तात्यांच्याच स्टुडिओत होणार होतं.

एवढ्यात माझं लग्न ठरलं. इंदापूरचं स्थळ, मंडळी चांगली, पण बोलणी करताना सासऱ्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की गाणंबिणं आमच्यात चालत नाही. घरात म्हणा, मांडवात नको. मला राग आला नाही. त्या वेळी सगळीकडेच असं होतं आणि मला लग्न करायचं होतं. पण माझ्या आत्याने शिकवलेली गाणी माझ्याबरोबर इंदापूरच्या स्वयंपाकघरात जाऊन तिथेच राहणार, हे मला पटत नव्हतं. लग्नाआधी कॅसेट झाली पाहिजे, एवढं मी मनाशी पक्कं केलं. तात्यांनाही तसं सांगितलं.

हळदीची सगळी गाणी या आत्याचीच. माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती आदल्या वर्षी गेली. तिचं एक गाणं तात्यांना फार आवडायचं:

हळद कालवली, वाटी काठोकाठ झाली
लेक माझी गं, पाटावर परकी झाली

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या कानाला हेडफोन लावले. कानात कीबोर्डची टकटक, तिच्यावर मी गायचं. मी दोन ओळी गायले आणि टकटक कुठेतरी निघून गेली. पुन्हा गायले, पुन्हा गेली. शेठ त्या दिवशी आले होते. पांढरा सफारी, हातात गाडीची किल्ली.

"तात्यासाहेब, आवाज झकास आहे. पण ताई पळतायत."

"पळत न्हाय ती. चाललीय."

"क्लिकवर चालायला पाहिजे ना. आता पुण्यात सगळं क्लिकवर होतं. नाचणाऱ्या पोरांना ठोका पक्का लागतो. पंधरा दिवस घ्या, शिकवा. नाहीतर चाल मला आवडलीय, गाणारी दुसरी बघू."

शेठ वाईट माणूस नव्हते. मला जाताना म्हणाले, "ताई, मनावर घ्या, जमेल." मी मनावर घेतलं. सायकल चालवताना घेतलं, पॅनेलं जोडताना घेतलं. जमलं नाही. ठोका सांभाळला की गाणं शाळेतल्या पाढ्यांसारखं व्हायचं.

तात्यांनी मग माझंच गाणं टेपवर घेतलं आणि ऐकत बसले. जिभेने टकटक, मान खाली. बऱ्याच वेळाने म्हणाले, "शहाण्णववर सुरू करतीस. वाटी भरंस्तोवर एकशेचारला जातीस. आन् 'लेक माझी गं' म्हणलं, की थांबतीस. किती थांबतीस त्याला माप न्हाय. आकडा न्हाय तुला, म्हणलं व्हतं का न्हाय?"

"थांबायचंच असतंय तितं."

"कुणी सांगितलं?"

"आत्या थांबायची."

"आत्या कशापायी थांबायची?"

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मी आठवून बघितलं. आत्या पाटाजवळ बसलेली, एक हात वाटीत, एक हात छातीवर, आणि 'लेक माझी गं'नंतरची ती शांतता, जिच्यात सगळ्या बायका डोळ्याला पदर लावायच्या.

"दमा व्हता तिला," मी म्हटलं.

तात्यांनी आधी टेप बंद केला. मग हसायला लागले. घोंगडीला धरून हसले. रिवायंडिंगवाला पुढून विचारायला आला, काय झालं. "आरं, दमा! हिच्या आत्याला दम लागायचा, आन् ही बया दमा नसताना तितं थांबतीया! आन् आख्खी आळी रडतीया!" मलाही हसू आलं. मी म्हटलं, "मग काढून टाकू तात्या. सरळ गाते. थांबा न्हाय आला तर शेठचं काम हुईल."

त्यांचं हसणं तिथेच थांबलं.

"काडायचा न्हाय. मशीनला दमा लावायला लागंल."

त्यानंतर त्यांनी मध्यस्थ उलटा करायला घेतला. आजवर जावई पुढे आणि बाकीचे त्याच्या मागे. आता गाणारीने पुढे चालायचं आणि जावयाने मागून यायचं. माझ्याकडून एक ठोका मिळाला की मागच्या ठोक्यापासूनचं अंतर डब्याने मोजायचं, त्याचे चोवीस भाग करायचे आणि तशा टिचक्या कीबोर्डला द्यायच्या. मी थांबले की टिचक्या बंद, कीबोर्ड पाय उचलून उभा. ऐकायला सोपं. आम्ही दोघांनी मिळून तीन सर्किटं जाळली.

मी एकदा वैतागून म्हटलं, "मशीन पुढं आन् माणूस मागं, असंच करत्यात समदे. तुमालाच कशाला उलटं पायजे?"

ते म्हणाले, "आमचा आबा कळपाच्या मागनं चालायचा. पुढं चालून त्याला लवकर पोचता आलं असतं की. पर मागनं चाललं म्हंजी जे कोकरू दमलंय ते दिसतं. ते थांबलं की आबा थांबायचा. आबा थांबला की कुत्री बसायची. मग कळप आपसूक थांबायचा." आणि पुन्हा सोल्डरिंगमध्ये डोकं घातलं. एवढं लांब बोलणं त्यांच्याकडून मी पुन्हा ऐकलं नाही.

डबा चालू झाला, पण मी त्याला ठोका देऊ शकले नाही. तात्यांनी माझ्यासमोर एक स्टीलचं ताट ठेवलं, खाली माइक चिकटवला. बोटाने ठोके दे आणि गा. बोटाकडे लक्ष गेलं की गाणं घसरायचं, गाण्याकडे गेलं की बोट विसरायचं. पंधरा दिवस संपत आले होते. शेठचा निरोप आला, की बाजाराच्या दिवशी येतो. आणि तो बाजार माझ्या लग्नाच्या आठवड्यातला.

त्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कासार येऊन गेला. आईने माझे दोन्ही हात कोपरापर्यंत हिरव्या चुड्याने भरून घेतले. चुडा भरल्यावर हिंडायचं नाही, असं तिने बजावलं होतं. मी ब्लाउज आणायचाय सांगून सायकल काढली.

तात्यांनी दारातच माझे हात बघितले.

"काडता येत्याल का?"

"चुडा? आई जीव घील माजा."

त्यांना ते ठाऊक होतंच. माइकपुढे काचेची एक बांगडीसुद्धा चालत नाही, आणि माझ्या हातात दोन्हीकडे मिळून पेटीभर काच. त्यांनी टॉवेल आणला, दोन्ही हातांना गुंडाळला, वर सुतळी बांधली. मी गायला लागले. टॉवेलातूनही किण, किण, किण. त्यांनी सुतळी आवळली. किण, किण. मी म्हटलं, हात बांधून ठेवा पाठीमागं. तसं केलं तर गळ्यातून आवाजच निघेना.

"हात का हलीवतीस गं बाय?"

"मी न्हाय हलवत. हलतोय त्यो."

तात्या उभे राहिले. जिभेची टकटक बंद झाली होती, हे मला स्पष्ट आठवतं, कारण तसं कधी होत नसे. मग त्यांनी सुतळी सोडली, टॉवेल काढून फेकला आणि म्हणाले, "गा. हाताचं इसर."

मी गायले. ते गाणं ऐकतच नव्हते. माझ्या उजव्या हाताजवळ कान नेऊन बसले होते.

म्हातारीच्या उजव्या कोपऱ्यात एक भोक होतं, बाहेरचा आवाज आत घ्यायचं. त्याला तात्या म्हातारीचा कान म्हणत. मी आल्यापासून तो कधी वापरलेला पाहिला नव्हता. त्यांनी माझ्या मनगटापाशी एक माइक ठेवला, त्याची वायर त्या कानात घातली आणि बटणं फिरवत बसले. गाण्याचा आवाज गाळायचा, ट्रकांचा गाळायचा, काचेची किणकिण तेवढी ठेवायची. किणकिण झाली की म्हातारी दणका देणार, दणका डब्यात, डब्यातून टिचक्या जावयाला. आजवर जावयाच्या तालावर नाचवलेली म्हातारी आता ऐकून सांगणार होती, आणि तिला सांगणार होता माझा चुडा.

"आता हळद कालव," तात्या म्हणाले.

मी सुरू केलं. दोन ठोके काहीच नाही. तिसऱ्याला मागून ढोलकी आली. माझ्याबरोबर नाही, केसभर मागून. जत्रेत हात सुटलेलं माणूस आपल्याला शोधत येऊन बाजूला चालू लागतं, तशी. मी वाटीपाशी पोचता पोचता जलद झाले, तीही झाली. म्हातारीचा हेलकावा उघडत आला. मग 'लेक माझी गं' आलं आणि मी थांबले, म्हणजे माझा हात थांबला, आणि सगळं थांबलं. ढोलकी नाही, टिचकी नाही. खोलीत नुसता लोकरीचा वास. मी मुद्दाम जास्त थांबले. खरंच थांबतंय का ते बघायला. थांबलं होतं. मी श्वास घेतला, हात हलला, किणकिण झाली, आणि मागून ढोलकी निघाली.

माझ्या आयुष्यात मला वाईट वागवलं नाही कुणी. नवरा चांगला, मुलं मार्गाला लागलेली. पण सगळ्यांच्या चालीला चाल मिळवून चालायचं, हेच काम मी जन्मभर केलं आहे आणि चांगलं केलं आहे. त्या दुपारी मात्र खोलीतल्या सगळ्या वायरी, बटणं, डबे आणि एक अर्धवट डोक्याचा माणूस माझा हात कधी हलतो याची वाट बघत होते. तसं पुन्हा झालं नाही.

दुसऱ्या दिवशी शेठ आले आणि त्यांनी ऐकलं. मन लावून ऐकलं. थांब्यापाशी त्यांनी टेपकडे बघितलं, त्यांना वाटलं बंद पडला.

"तात्यासाहेब, हे तुम्ही केलंय ते अवघड आहे, मला कळतं. पण वरातीत पोरं नाचत असताना मध्येच थांबलं तर माझ्या नावाने ओरडतील. ताईंची चाल मी घेतो. आवाज पुण्याचा लावतो. रेकॉर्डिंग तुमच्याकडेच करू, ही दोन मशीनं अशी एकत्र दुसऱ्या कुणाकडे चालत नाहीत."

म्हणजे तात्यांचं काम जाणार नव्हतं. फक्त डबा पुन्हा सुलटा करायचा होता.

"न्हाय जमायचं," तात्या म्हणाले.

"का?"

"म्हातारीला आता पुढं चालायची सवय लागली."

शेठ हसले. तात्या हसले नाहीत. मी म्हटलं, "तात्या, करा की. त्यांचं काय चुकतंय?" त्यांनी म्हातारीचं बटण बंद केलं. ती बंद होताना सूर खाली खाली जात विझायचा, तसा तो विझला. मग शेठ गेले.

माझ्या लग्नात तात्या आले. आहेर पुकारणारा माइकवर सांगत होता, अमक्यांकडून पातेलं, तमक्यांकडून भिंतीचं घड्याळ, आणि मग अडखळून, "तात्यांकडून... कॅसेट एक." मांडवात हशा पिकला. कॅसेट वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. तिच्या पाठीवरचे दोन्ही प्लास्टिकचे दात त्यांनी मोडून ठेवले होते, म्हणजे तिच्यावर दुसरं काही भरता येऊ नये. सासरच्या घरात कॅसेटी कशा वापरल्या जातात याचा त्यांना अंदाज असावा. पुढे माझ्या दिराने तिच्यावर क्रिकेटची कॉमेंट्री भरायचा प्रयत्न केला होता. बटणच दाबलं गेलं नाही.

पुण्याची कॅसेट त्याच वर्षी बाजारात आली आणि खूप चालली. आवाज गोड होता. 'लेक माझी गं'वरून ती बाई सायकल उतारावरून जावी तशी गेली. तात्यांकडे मग कॅसेटींची कामं आली नाहीत. ते जीपवर वाजणाऱ्या जाहिराती भरून द्यायचे, बियाण्यांच्या, सर्कशीच्या. भवानीनगरला कारखान्यावर कामाला असलेला माझा भाऊ सांगायचा, तिथल्या बाजारात एक मिरचीच्या बियाण्यांची जाहिरात वाजायची, तिच्यात मागे अशी गुरगुर, असा हेलकावा, की बाजारातली माणसं थांबून वर आभाळाकडे बघायची.

ते मला एकदाच भेटले पुन्हा. इंदापूरच्या स्टँडवर, पाचसहा वर्षांनी. माझ्या एका काखेत धाकटी, एका हातात पिशव्या, आणि रिक्षावाल्याशी भांडण चालू. मागून आवाज आला, "एकशेबारा."

मी वळले. आणखी वाळले होते, टेस्टर तोच.

"कुणाला म्हणताय?"

"तुलाच. मगाधरनं बगतोय. पक्का एकशेबारा. अजाबात हलत न्हाय. लागला बग आकडा तुला."

"बरं झालं की मग."

"व्हय," ते म्हणाले. "बरंच झालं." माझ्या हातांकडे बघून म्हणाले, "दोनच बांगड्या?"

"कामात फुटत्यात वो."

त्यांनी मान डोलावली. धाकटीने त्यांच्याकडे बघून जिभेने टक केलं. लहान मुलं करतातच. त्यांनी उलट टक केलं. मग त्यांची गाडी लागली आणि ते गेले. मी रिक्षावाल्याकडे वळले.

तात्या वारल्याचं मला लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या कुणीतरी सांगितलं, तेही बरंच उशिरा. नंतर बारामतीला गेले तेव्हा रिवायंडिंगच्या दुकानात डोकावले. मागच्या खोलीत तांब्याच्या तारेची बंडलं होती. म्हातारी आणि जावई भंगारात गेले का कुणी नेले, दुकानवाल्याला सांगता येईना. बिस्किटांचा डबा मात्र फळीवर होता. आत स्क्रू. मी मागितला नाही. डबा चांगला आहे, त्यात स्क्रूंना गंज लागत नाही.

आता मी आणि माझे यजमान इंदापूरच्या बाहेर मंगल कार्यालय चालवतो. सासरे आता नाहीत, मला गायला कुणाची हरकत नाही, पण वेळही नाही. हळदीला डीजे असतो. ते गाणं हमखास लागतं आणि बायका त्याच्यावर म्हणतात, म्हणजे पुण्याच्या बाईसारखं. मीही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणते. 'लेक माझी गं'ला थांबते. त्या पुढे जातात. पुढच्या ओळीला मी त्यांना गाठते.

हंगाम संपला, की एखाद्या दुपारी मी कॅसेट लावते. मुलीने मुंबईहून जुना प्लेअर शोधून आणून दिलाय. तिला ते गाणं चुकीचं वाटतं. म्हणते, आई, स्पीड कमीजास्त होतोय. गाणं मला पाठ आहे, त्यासाठी मी लावत नाही. मी थांब्यापर्यंत जाते. आत्या दम घेते. मशीन उभं राहतं. मग माझी बांगडी वाजते आणि मागून ढोलकी निघते.